उजवीकडची गिटार

“डोळे उघडे ठेवायचे आन् कोपर बघायची. बाकी काय नाय,” बद्रीनाथ म्हणाला आणि त्यानं वरणात चपाती कुस्करली.

सूचना फलकावर सकाळीच कागद लागला होता. मंगळवारी प्रेस शॉपच्या सगळ्या कामगारांच्या कानांची तपासणी. दर वर्षी हा कागद लागला की कँटीनमध्ये आमच्या टेबलावर बद्रीनाथचा वर्ग भरतो. गेली सव्वीस वर्षं आम्ही दोघं एकाच शेडमध्ये आहोत. मी चार नंबरच्या प्रेसचा सेटर, तो सहा नंबरचा. पत्र्यावर दणके घालून गाड्यांचे भाग काढायचे, हे आमचं काम. सेटर म्हणजे जो साचा बसवतो, प्रेस जुळवतो आणि ती बिघडायच्या आधी ओळखतो.

“काचेच्या खोलीत बसवत्यात,” बद्रीनाथ टेबलावरच्या बाकीच्यांना सांगत होता. “कानाला हेडफोन. लाल बाजू उजवीकडं. हातात बटण. आवाज आला की दाबायचं. आता तो आवाज इतका बारीक, की आपल्याला काय घंटा ऐकू येतोय? पर बाहेर सिस्टर बसलेली असती ना, ती तिकडं मशिनवर बोट दाबती, तवा तिची कोपर हलती. कोपर हलली की आपण दाबायचं. सोमनाथ, सांग की यान्ला! तुझा कागद कसा येतो?”

“स्वच्छ,” मी म्हणालो.

“ऐकलं? स्वच्छ! सव्वीस वर्षं प्रेसवर, आन् कान लहान पोरासारखे!”

सगळे हसले. मीही हसलो. यात काही फार मोठी लबाडी आहे असं आम्हाला कुणालाच वाटत नव्हतं. पलीकडच्या टेबलावर शिवराज एकटा डबा खात होता. प्रेस शॉपमधला सगळ्यात हुशार सेटर. मागच्या वर्षी त्यानं काचेच्या खोलीत चष्मा काढून ठेवला, त्यामुळे त्याला कोपर दिसली नाही. आठ दिवसांत त्याला पॅकिंगला नेलं. आता तो खोक्यांवर पट्ट्या चिकटवतो. त्याच्या भल्यासाठीच नेलं, असं सगळे साहेब म्हणाले. असेलही. पण तेव्हापासून तो आमच्या टेबलावर बसत नाही.

कानांचं माझं एक वेगळं प्रकरण आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

चार नंबरची प्रेस इटलीहून आली. ती बसवायला तिकडचा एक इंजिनिअर आला होता. उंच, सुकडा, दुपारी कँटीनमध्ये दही-भात खाऊन गप्प बसणारा. तो परत गेल्यावर हत्यारांच्या पेटीत एक कॅसेट सापडली. नाव नाही, काही नाही, वर पेन्सिलीनं काढलेली एक गोगलगाय. फोरमन म्हणाले, प्रेस चालवायच्या सूचना असतील, लावा. आम्ही दहा-बारा जण वही-पेन घेऊन टेपरेकॉर्डरभोवती बसलो. आधी पाच मिनिटं देवळात कुणी बाजाची पेटी विसरून गेल्यासारखा एकच सूर. मग ढोल. मग गिटार अशी काही सुटली की फोरमन म्हणाले, “बंद करा रे ते!” आणि सगळे पांगले.

मी नाही पांगलो. मी ती कॅसेट घरी नेली. ते गाणं सात मात्रांचं होतं, हे मला चौथ्या-पाचव्या वेळी मोजून कळलं. कळल्यावर झालेला आनंद आजही आठवतो. मी मेंढरं राखणाऱ्या घरातला, खुलताबादच्या वरच्या अंगाला आमची वस्ती. मला सूर-ताल कुणी शिकवलेला नाही. पण आमचे दादा, म्हणजे वडील मल्हारराव, डोळे मिटून पडल्या पडल्या कुठली मेंढी ओरडली ते सांगायचे. प्रेसचा आवाज ऐकून साचा कुठं दुखतोय ते मी ओळखतो, असं मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “त्यात काय एवढं? मेंढरासारखंच की.”

त्या गोगलगायवाल्यांचं खरं नाव मला पंधरा वर्षांनी सापडलं. फोनवर इंटरनेट आलं आणि माझं आयुष्य बिघडलं, असं रत्नमाला म्हणते. रत्नमाला म्हणजे माझी बायको. बजाजनगरच्या दोन खोल्यांत ती ब्लाउज शिवायची आणि मी शिफ्टवरून येऊन खाटेवर पडून ऐकायचो. कुणीही न ऐकलेलं शोधून काढायची मला चटकच लागली. हंगेरीतल्या चौघांनी एकच अल्बम काढला आणि मग त्यातला एक बस चालवायला लागला. अर्जेंटिनातल्या तिघांचा अल्बम चाळीस वर्षांत तीनशे लोकांनी ऐकलेला. तीनशे एकावा मी. नावं मला वाचता यायची नाहीत, म्हणून मी मुखपृष्ठावरून नावं ठेवायचो. छत्रीवाला. दोन कोंबड्या. जळका पूल. लोक म्हणतात रॉक म्हणजे नुसता धिंगाणा. अहो, या लोकांनी एकेका गाण्यावर किती मेहनत घेतलीय! आणि कुणी विचारलं नाही त्यांना. मला ते आमच्यातलेच वाटायचे.

अशाच एका व्हिडिओखाली मी मराठीत चार ओळी लिहिल्या. त्याला नाशिकच्या अभयनं मराठीतच उत्तर दिलं. तो गिटारचे वर्ग चालवतो. हळूहळू नागपूर, इचलकरंजी, कुठून कुठून माणसं जमली आणि आमचा अकरा जणांचा ग्रुप झाला. दर शनिवारी मी एक अनोळखी अल्बम शोधून त्यावर लिहायचं, असं ठरून गेलं. दोनशेच्या वर शनिवार झाले. कंपनीत मी ‘चार नंबर’ आहे. गावात मल्हाररावाचा धाकटा. या ग्रुपवर मात्र मला ‘सर’ म्हणतात. पहिल्यांदा कुणी म्हणालं तेव्हा मी फोन उलटा ठेवून चहा करायला उठलो होतो, इतका लाजलो.

तर त्या शनिवारी मी खुर्चीच्या अल्बमवर लिहिलं. एस्टोनिया म्हणून एक देश आहे, तिथल्या चौघांचा. मुखपृष्ठावर बर्फाचं रान आणि मधोमध लाकडी खुर्ची. दोन गिटारवाले, एक बेसवाला, एक ड्रमवाला. चौथ्या गाण्यात दोन्ही गिटारी एकदम थांबतात. खाली बेस आणि ड्रम चालू राहतात, आणि साडेचार मिनिटं गिटार वाजतच नाही. मी ते गाणं चाळीसेक वेळा ऐकलं असेल. दिवसभर शेडमध्ये दणके, घरी आलो की रस्त्यावर भोंगे, डोकं नुसतं भणभणत असतं. आणि इथं हातात गिटार असलेली दोन माणसं न वाजवता बसून राहतात! मला खरोखर रडू यायचं. मी लिहिलं, ‘एवढा संयम मी कुठल्या वादकात पाहिला नाही. वाजवता येत असून गप्प बसणं ज्याला जमलं, त्याला सगळं जमलं.’

अकरातल्या सात जणांनी हात जोडले. अर्ध्या तासानं अभयचा निरोप आला.

‘सर, गल्लत होतेय का? त्या जागी गिटार आहे. डावीकडची थांबते, उजवीकडची एकटी वाजते. अख्ख्या अल्बममधला सगळ्यात सुंदर तुकडा आहे तो.’

मी लिहिलं, तुमच्याकडे वेगळी आवृत्ती असेल. त्यानं माझीच लिंक परत पाठवली. मी लिहिलं, तुमच्या हेडफोनमध्ये काहीतरी गडबड असेल. तो म्हणाला, नाही सर. मग इचलकरंजीचा एक जण म्हणाला, मलाही ऐकू येतेय. मग नागपूरचा.

मला राग आला. फार राग आला. चार दिवस गिटार धरता यायला लागली की माणसं शिकवायला येतात! माझे हेडफोन साधेसुधे नव्हते. आधी मी पैठण गेटजवळच्या एका दुकानातून स्वस्तातले घ्यायचो. दर वेळी त्यांची उजवी बाजू मंद निघायची. तिसऱ्यांदा मी तक्रार घेऊन गेलो, तेव्हा दुकानदारानं ते स्वतःच्या कानाला लावले. “चाचा, आवाज तो आ रा. दोनों तरफ से बराबर आ रा!” मी म्हटलं, हा पक्का चोर आहे. ते संस्कृतीला, म्हणजे आमच्या पुण्याच्या लेकीला कळलं, आणि तिनं दिवाळीला कान झाकणारे मोठे, भारी हेडफोन आणले. त्यांत ड्रमचा ठोका दोन्ही कानांत बसायचा. तेव्हापासून माझा जीव थंड होता.

आणि माझ्याकडे कागद होता. कपाटातून मी कंपनीचा मागच्या वर्षीचा दाखला काढला, ‘दोन्ही कान सामान्य’ असा शिक्का असलेला. त्याचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमचे कान दर वर्षी मशिनवर तपासले जातात. तुम्ही तुमचे तपासून घ्या.’

आता हे लिहितानाही मला लाज वाटतेय. खरं सांगतो, तो फोटो टाकताना मला सिस्टरची कोपर आठवलीसुद्धा नाही. शिक्का होता, सही होती. मी त्या कागदावर विश्वास ठेवून बसलो होतो.

रविवारी दुपारी जेवून खाटेवर पडलो होतो. अभयनं फक्त माझ्या नंबरवर निरोप पाठवला, ग्रुपवर नाही. ‘सर, राग मानू नका. एकदा हेडफोन उलटे घालून बघा. उजवी बाजू डाव्या कानावर.’

म्हटलं, बघू. याची जिरवू.

हेडफोन उलटे घातले. चौथं गाणं लावलं. दोन मिनिटं गेली, तीन गेली. खाली बेस, ड्रम. आणि मग ती आली.

बारीक, वरच्या पट्टीतली, अगदी सावकाश. एक सूर धरून त्याला जरासा ओढायची, सोडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. सात मात्रा होत्या त्याही. अरे देवा, काय वाजवत होता तो माणूस! मी उठून बसलो. मला अतोनात आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. चाळीस वेळा ऐकलेल्या गाण्यात एक अख्खा माणूस नव्यानं भेटला होता.

मग मी हेडफोन सुलटे केले. तो गेला.

पुन्हा उलटे केले. आला. पुन्हा सुलटे. गेला. असं मी सात-आठ वेळा केलं. शेवटी फक्त उजवा कान झाकला, डाव्यावरची बाजू हातात धरली आणि आवाज पूर्ण वाढवला. ठोका होता. भिंतीपलीकडे कुणी मिरच्या कुटत असल्यासारखा, पण होता. गिटार नव्हती.

सव्वीस वर्षं प्रेस माझ्या उजव्या हाताला आहे. कानात घालायला पिवळी बुचं देतात. डाव्या कानात मी नेमानं घालायचो. उजवं मात्र खिशात. बूच घातलं की प्रेसचं ऐकू येत नाही, आणि तिचं ऐकणं हेच माझं काम. साचा तडकायच्या आधी तिच्या दणक्यात जरा किरकिर येते, ती मी शंभरदा पकडली. साहेबांनी पाठ थोपटली. मागच्या दोन वर्षांत मात्र दोन साचे न सांगता तडकले. मी पत्र्याला दोष दिला होता.

“रत्ना,” मी हाक मारली.

ती खाटेच्या डाव्या बाजूला मशिनवर बसली होती. पाय थांबवून तिनं बघितलं.

“मला उजव्या कानानं ऐकू येत नाही.”

तिनं कापड सारखं केलं, सुई वर घेतली.

“तुला माहीत होतं?”

“व्हय.”

“कधीपासून?”

“लई दिवस झाले. दोन वर्सं तरी.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? बोलले असते तर तुमी कागद काढून दावला असता,” ती म्हणाली. “इतका बाई तोरा त्या कागदाचा!”

मी मशीनकडे बघितलं. आधी ते खिडकीशी असायचं, माझ्या उजवीकडे. दोन वर्षांपूर्वी एक दिवस कामावरून आलो तर तिनं ते एकटीनं ओढत या बाजूला आणलं होतं. विचारलं तर म्हणाली, ऊन डोळ्यांवर येतं. त्या खिडकीतून ऊन कधीच येत नाही, पुढं चार मजली इमारत आहे. या बाजूला दिवसाही दिवा लावून शिवावं लागतं. दोन वर्षं ती दिवा लावून शिवत होती, आणि मी ‘बिल किती येतंय’ म्हणून कुरकुरत होतो.

“डोळे जातील की तुझे,” मी म्हणालो.

“जाऊ द्या. तिकडून हाका मारून मारून घसा गेला असता.” मग ती म्हणाली, “अहो, डावा तर हाय ना नीट?”

“आहे. अजून तरी आहे.”

“मग त्याचं बघा.”

संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं, ‘शनिवारी मी लिहिलं ते चूक होतं. त्या साडेचार मिनिटांत गिटार आहे आणि ती फार सुंदर आहे. ती मला ऐकू आली नव्हती, कारण माझा उजवा कान गेला आहे. दाखला खोटा आहे. तो मीच खोटा करून घेतला होता. अभयची माफी मागतो.’ पाठवलं आणि फोन उशीखाली ठेवला. सकाळी बघितलं, अभयचं उत्तर होतं. ‘सर, पुढच्या शनिवारची वाट बघतोय.’

मंगळवारी कंपनीच्या दवाखान्याबाहेर आमची रांग लागली. बद्रीनाथ माझ्या मागं होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो घाबरून इकडंतिकडं बघायला लागला.

“आरं, येडा झाला का तू? पॅकिंगला बसवतील. चार नंबर दुसऱ्याच्या हातात देतील. तुझी प्रेस हाय ती!”

“माझीच आहे.”

“मंग? अजून सहा वर्सं राहिली. कोपर बघ, गपचूप बटण दाब, घरी जाऊन ऐक तुझी गाणी.”

“कशानं ऐकू?” मी विचारलं.

त्यानं डाव्या कानात करंगळी फिरवली. मग म्हणाला, “मलाबी डाव्या कानात रात्रंदिस शिट्टी वाजती. म्या कुणाला सांगितलं नाय.” तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

करुणा सिस्टर नवीन होत्या, संस्कृतीच्या वयाच्या असतील. त्यांनी माझ्या डोक्यावर हेडफोन बसवले, लाल बाजू उजवीकडे. हातात बटण दिलं.

“काका, आवाज आला की दाबायचं. बारीक आला तरी दाबायचं. आधी उजवा कान घेऊ, मग डावा.”

जाड दार लागलं. काचेपलीकडे सिस्टर तिरक्या बसल्या होत्या. निळ्या बाहीतली त्यांची कोपर टेबलाच्या कडेवर टेकलेली मला स्वच्छ दिसत होती. इतकी स्वच्छ, की मोह होत होता. चार नंबर आठवली. सकाळी पहिला दणका घालण्याआधी मी तिच्या अंगावर हात ठेवतो, तो ठेवायला आता दुसरं कुणी येईल.

मी डोळे मिटले.

सुरुवातीला एक घोगरा, जाड आवाज आला. बटण दाबलं. पुन्हा एक आला, बराच दूरचा. दाबलं. मग काही नाही. काचेच्या खोलीत इतकी शांतता असते हे इतक्या वर्षांत मला कळलंच नव्हतं. कोपर बघण्यात सगळं लक्ष असायचं. आता मी नुसता बसून होतो, अंगठा बटणावर ठेवून. बाहेर सिस्टरांचं बोट पडत असणार, सूर निघत असणार, एकाहून एक वरचे, आणि ते माझ्या कानापर्यंत येऊन तिथंच थांबत असणार. खुर्चीच्या अल्बममधला तो माणूस आठवला. चाळीस वेळा तो असाच माझ्या कानाशी येऊन वाजवून गेला होता. मी वाट बघत राहिलो. किती वेळ गेला सांगता येणार नाही.

दार उघडल्याचा वारा लागला. खांद्यावर हात पडला. सिस्टरांनी डावा हेडफोन बाजूला केला होता.

“काका, झोप लागली का? कधीपासून बटण दाबलं नाही तुम्ही.”

“नाही सिस्टर,” मी म्हणालो. “ऐकतोय. आता डावा घ्या, आणि तो नीट बघा.”

त्यांनी हेडफोन पुन्हा बसवला. मी डोळे मिटूनच होतो.